स्पर्शाचा हक्क आणि प्रेक्षकाचा सहभाग

१

कलेच्या इतिहासाची जी पुस्तके आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, त्यांत असे सांगितलेले असते की, प्रेक्षकाला कलाकृतीत सामील करून घेण्याची कल्पना युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्माला आली. तोवर चित्र भिंतीवर होते, शिल्प चौथऱ्यावर होते आणि प्रेक्षक दोन हात लांब उभा होता. पुढे कलावंताने चौथरा काढून टाकला, सबंध खोलीचीच मांडणी केली आणि प्रेक्षकाला आत बोलावले. ह्या प्रकाराला मराठीत मांडणशिल्प असे नाव रूढ झाले आहे. त्यातही प्रेक्षकाने वस्तू हाताळावी, हलवावी, तीवर लिहावे, प्रसंगी ती खाऊन टाकावी, आणि तो असे करील तेव्हाच कृती पुरी व्हावी, असा एक संप्रदाय आहे.

हा इतिहास खोटा नाही, पण तो अपुरा आहे. ज्या समाजात माणसाचा स्पर्श हाच शतकानुशतके अपराध ठरवला गेला, त्या समाजात ‘आत या, हात लावा’ ह्या निमंत्रणाचा अर्थ न्यूयॉर्कच्या कलादालनातल्याइतका सोपा राहत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. मुंबईच्या एका कलादालनात ‘कृपया स्पर्श करा’ अशी पाटी मी प्रथम पाहिली, तेव्हा माझ्याबरोबरचे लोक हसत पुढे झाले. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न आला : ही परवानगी देणारा कोण, आणि परवानगी देण्याचा हक्क त्याच्याकडे आला कोठून?

प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे. त्यासाठी तीन कसोट्या मी वापरणार आहे. पहिली : प्रेक्षकांत कोण आहे व कोण नाही? दुसरी : मांडणी कोणी ठरवली, आणि सहभागी होणाऱ्याला ती बदलण्याचा हक्क आहे काय? तिसरी : सहभागाची किंमत कोण मोजतो?

२

प्रथम पाश्चात्त्यांचा इतिहास थोडक्यात पाहू. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ॲलन काप्रो ह्या कलावंताने सहा भागांत अठरा ‘घटना’ सादर केल्या. आलेल्या लोकांना कार्डे दिली होती. केव्हा उठायचे, कोणत्या खोलीत जायचे, हे त्या कार्डांवर लिहिलेले होते. १९६० च्या सुमारास ब्राझीलच्या लिजिया क्लार्क हिने बिजागऱ्यांनी जोडलेल्या पत्र्यांची शिल्पे केली. पाहणाऱ्याने ती हाताने उघडावी-मिटावी अशी योजना होती. १९७४ साली ब्राझीलच्याच आगुस्तो बोआल ह्याचे शोषितांच्या रंगभूमीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रेक्षकाने नाटक मध्येच थांबवावे, रंगमंचावर जाऊन पात्राची जागा घ्यावी आणि अन्यायातून सुटण्याची वाट स्वतः करून दाखवावी, ही त्याची पद्धत आज जगभर वापरली जाते.

परंतु ह्या साऱ्यांत आमच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९६५ ची आहे. एलिओ ओइतिसिका ह्या कलावंताने अंगावर चढवून नाचायची वस्त्रे तयार केली होती. रिओ शहरातील मांगेइरा ह्या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीतील सांबा नर्तक ती वस्त्रे घालून आधुनिक कलेच्या संग्रहालयात आले, तेव्हा त्यांना आत घेतले नाही. ते बाहेर नाचले. म्हणजे प्रेक्षकाच्या सहभागाचा उदो उदो होत असतानाच सहभागी होणाऱ्यांना दारावर अडवले गेले! वस्त्रे चालत होती, ती घालणारी माणसे चालत नव्हती. हे वाचताना आपल्याकडच्या वाचकाला काही आठवल्याशिवाय राहणार नाही.

३

आता आपल्या मातीकडे येऊ. विदर्भात खडी गंमत आणि दंडार हे लोकरंजनाचे प्रकार जुने आहेत. तेथे पडदा नाही, उंच रंगमंच नाही. लोक भोवती गोळा होतात आणि नाचे, शाहीर, सोंगाडे त्यांच्या मध्ये उभे राहतात. सोंगाडी प्रेक्षकाला नाव घेऊन छेडतो, प्रेक्षक उलट बोलतो. वरवर पाहता येथे प्रेक्षकाचा सहभाग भरपूर आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशातही तो होता. परंतु त्या सहभागाचे सर्वांत ठळक रूप कोणते? दौलतजादा! समोर बसलेला पाटील नोट दाखवणार आणि महार, मांग, कोल्हाटी समाजातील कलावंत ती घ्यायला पुढे जाणार. हाही प्रेक्षकाचा सहभागच होय. तो मांडणीत हवा तसा बदल करू शकत होता, हवे ते गाणे पुन्हा म्हणवून घेऊ शकत होता. किंमत मात्र मोजत होती ती नाचणारी बाई आणि ढोलकी वाजवणारा माणूस. म्हणून ‘सहभाग’ हा शब्द ऐकताच तो लोकशाहीचा शब्द आहे असे समजण्याचे कारण नाही. सहभाग हा सत्तेचाही असू शकतो.

ह्या मांडणीला पहिला धक्का सत्यशोधकांनी दिला. जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि पुढे शतकाहून अधिक काळ ते अंधारातच राहिले. त्यातील विदूषक केवळ हसवण्यासाठी नाही. जोशी अडाणी कुणबी जोडप्याला लुबाडीत असताना तो मध्ये पडून बोलतो, पाहणाऱ्याला जागे करतो. प्रेक्षकाने गुंग होऊ नये, विचार करावा, ही गरज जोतीरावांनी ओळखली होती. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्यानंतर सत्यशोधक जलसे उभे राहिले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला आशय उलटा केला. गण-गवळणीच्या जागी सृष्टिकर्त्याचे स्तवन आणि भटशाहीची चिकित्सा आली.

पुढे आंबेडकरी जलसे आले. नाशिककडे भीमराव कर्डक ह्यांनी १९३१ च्या सुमारास आपला जलसा उभा केला. त्यांचे ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक ह्या विषयाचे मोलाचे साधन आहे. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे ह्यांनी त्याच्याही आधीपासून वृत्तपत्रे, कविता आणि चोखामेळ्यावरील नाट्यलेखन ह्यांतून हेच काम चालवले होते. जलशात बाईचा नाच गेला, दौलतजादा गेली. मेलेल्या जनावराचे मांस, दारू, शाळा, पाणवठा हे विषय आले. सोंगाड्याचे प्रश्न आता पाटलाला नव्हे, आपल्याच वस्तीतल्या माणसाला होते : पोराला शाळेत घातले का? येसकरकी सोडली का? ह्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे म्हणजे टाळी वाजवून भागत नव्हते. उत्तर दुसऱ्या दिवशी गावात द्यावे लागत होते. माझ्या मते जलशाचे खरे वैशिष्ट्य हे आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्याचा सहभाग सुरू होतो, असा प्रेक्षक त्याने घडवला.

४

मांडणशिल्प आपल्या लोकांना अनोळखी आहे, असे म्हणणाऱ्याने यवतमाळचा दुर्गोत्सव पाहावा. साऱ्या विदर्भात तो प्रसिद्ध आहे. कापड, बांबू, थर्माकोल, दिवे ह्यांतून अख्खी मंदिरे, महाल, गुहा उभ्या केल्या जातात आणि लोक रांगेने त्यांतून फिरतात. आपण त्याला देखावा म्हणतो. हा शब्द फार अचूक आहे. देखावा देखण्यासाठी असतो. माणूस आत जातो, दर्शन घेतो, बाहेर येतो. मांडणी करणारे मंडळ ठरलेले, वाट ठरलेली, दोरी ठरलेली.

ह्या दोरीच्या आत कोणी यावे, हाही इतिहासाचा प्रश्न आहे. १९२६ साली मुंबईत दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क हवा, म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर उभे राहिले. वर्गणी सर्वांची, मग पूजा काहींचीच का, असा साधा मुद्दा होता. अखेर अस्पृश्य कार्यकर्त्याच्या हातची फुले पुजाऱ्याने घ्यावीत आणि मूर्तीला वाहावीत, अशी तडजोड झाली. फुले पोहोचली, हात पोहोचला नाही. ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाची मर्यादा इतक्या नेमकेपणाने क्वचितच उघडी पडली असेल. सहभाग दिला, पण मांडणी बदलली नाही.

ह्या पार्श्वभूमीवर त्यानंतरच्याच वर्षी महाड येथे काय घडले, ते पाहावे.

५

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे परवानगी होती, निमंत्रणही होते म्हणा! पण तीन वर्षे कोणी पाणी प्यायला गेले नाही. जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतील लोक रांगेने तळ्याकडे गेले, बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्यायले आणि मागोमाग साऱ्यांनी प्यायले. कागदावरचा हक्क हजारो ओंजळींनी खरा केला. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. तळ्याचा दावा कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. एका घोटाची किंमत दहा वर्षे मोजावी लागली.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाण्यास कोर्टाची मनाई आली होती. सवर्णांनी जागा नाकारली, तेव्हा फत्तेखान ह्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन परिषदेला दिली. मंडपासमोर दीड फूट लांब-रुंद आणि सहा इंच खोल असा खड्डा खणला, त्यात चंदनाची लाकडे भरली. भोवती खांब रोवून त्यांवर फलक लावले. ही मनुस्मृतीची दहनभूमी आहे, असे त्यांतील एक फलक सांगत होता. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ह्यांनी, आणि रात्री ग्रंथ जाळला गेला.

खड्ड्याचे माप, लाकडाची निवड, फलकांची जागा, रात्रीची वेळ, ह्यांतील एकही गोष्ट सहज झालेली नाही. यज्ञवेदीचा आकार घेऊन त्यात यज्ञाचा आधारग्रंथच टाकला. हे कलाकृती म्हणून केले गेले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्या माणसांच्या धोक्याचा अपमान होईल. माझे म्हणणे वेगळे आहे. वस्तू, जागा आणि माणसांचे शरीर ह्यांच्या मांडणीतून अर्थ निर्माण करण्याचे ज्ञान कलादालनांनी जे १९६० नंतर शोधले म्हणून सांगितले जाते, ते आमच्या चळवळीला १९२७ साली अवगत होते. आणि तिन्ही कसोट्यांवर ते अधिक खरे उतरते. प्रेक्षकांत तेच होते ज्यांना आजवर वगळले होते. मांडणी त्यांची स्वतःची होती. आणि किंमत त्यांनी जाणून मोजली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ही परंपरा कळसाला पोहोचली. सांचीच्या स्तूपाच्या प्रतिकृतीने सजवलेले व्यासपीठ होते, समोर पांढऱ्या वस्त्रांतला लाखोंचा समुदाय होता. बाबासाहेबांनी प्रथम भिक्खू चंद्रमणी ह्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लोकांना उभे राहण्यास सांगितले. बावीस प्रतिज्ञा लोकांनी आपल्या तोंडाने उच्चारल्या. त्या मैदानात बघ्या असा कोणी उरला नाही. वऱ्हाड-नागपूरकडच्या गावांतून गेलेल्या माणसांनी घरी परतून देव्हाऱ्यातले देव नदी-विहिरींत सोडले. मैदानातला शब्द घरात पोहोचला, हाच त्या सहभागाचा पुरावा.

६

आमच्या जिल्ह्याचे अलीकडचे उदाहरण २०१९ चे आहे. १९७३ साली ग. दि. माडगूळकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे झाले. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल ह्यांना दिलेले निमंत्रण वादानंतर मागे घेण्यात आले. अखेर उद्घाटन वैशाली येडे ह्यांच्या हस्ते झाले. त्या कळंब तालुक्यातील, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर ह्यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ ह्या नाटकात त्या काम करीत होत्या. ज्यांच्या घरात हे मरण घडले त्या स्त्रियाच ह्या नाटकात उभ्या राहतात. दुसऱ्याने त्यांचे दुःख वठवायचे, हा प्रकार तेथे नाही.

ह्या संमेलनात दोन गोष्टी एकाच मंडपात घडल्या. व्यासपीठावर एक शेतकरी बाई आली. आणि खाली प्रेक्षकांत काही स्त्रियांनी सहगल ह्यांच्या चेहऱ्याचे मुखवटे चढवले. जिला येऊ दिले नाही, ती अशी अनेक चेहऱ्यांनी येऊन बसली. पहिली गोष्ट आयोजकांच्या मांडणीत बसणारी होती, दुसरी नव्हती. दोन्हींचे मोल मानूनही हा फरक नोंदवला पाहिजे.

आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे ह्यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ २०१७ पासून अनेक लोक अन्नत्याग करतात. हाही एक सहभागच आहे, आणि प्रामाणिक आहे. पण ज्या भूमिहीन मजुराच्या नावे सातबारा नाही, तो मेला तर शेतकरी म्हणून मोजला जात नाही. कापूस वेचणाऱ्या दलित, कोलाम, गोंड बाईचे दुःख कोणत्या मांडणीत बसते? ज्याच्या ताटात रोजच पोटभर अन्न नाही, त्याने एक दिवस कसला त्याग करावा? हे मी कोणाला उणे ठरवण्यासाठी विचारीत नाही. पहिली कसोटी, म्हणजे प्रेक्षकांत कोण नाही, ही आपल्यालाही लावावी लागते, एवढेच.

७

आज आमच्यातील तरुण कलावंत कलादालनांत पोहोचले आहेत. पुण्याच्या राज्यश्री गुडी ह्यांनी दलित साहित्यातील अन्नाच्या उल्लेखांतून पाककृती लिहिल्या, आणि महाडच्या त्या ‘शुद्धीकरणा’ची आठवण पेल्यांच्या मांडणीतून जागी केली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते खाणीतल्या माणसांची कथा कोळशानेच भिंतींवर काढतात. वणीच्या कोळसापट्ट्यातील आमच्या विद्यार्थ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. हे चांगले घडते आहे. पण कलादालनाचे दार अरुंद आहे, आणि तेथे जाणारा प्रेक्षक बहुधा तोच आहे.

म्हणून मला महाविद्यालयाच्या व्हरांड्यातला एक साधा प्रयोग अधिक शिकवून गेला. आमच्या विद्यार्थ्यांनी १४ एप्रिलच्या निमित्ताने एक रांजण उंचावर ठेवला. नियम असा की, कोणी रांजणाला हात लावायचा नाही. चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याने वरून पाणी ओतायचे आणि बाकीच्यांनी ओंजळीने प्यायचे. आजोबांनी जे सोसले ते नातवांनी क्षणभर अनुभवावे, हा हेतू. गर्दी झाली, फोटो निघाले, काही प्राध्यापकही वाकून पाणी प्यायले. रांजण रोज सकाळी भरत होत्या त्या झाडलोट करणाऱ्या मावशी. त्यांचे नाव ना चिठ्ठ्यांत होते, ना फलकावर. तिसऱ्या दिवशी मुलांनी त्यांनाही बोलावले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पेले हायेत ना बापू? मंग ओंजळीनं कायले पेता? आमी पेलो तेवढं बस झालं.” आणि त्यांनी कँटीनमधून पेले आणून रांजणाजवळ मांडले.

विद्यार्थ्यांत वाद झाला. काहींना वाटले, कलाकृती बिघडली. काहींना वाटले, आता ती पुरी झाली. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. आदल्या दोन दिवसांतले सारे लोक आखून दिलेल्या नियमांत सहभागी झाले होते. मावशींनी नियमच बदलला. अपमानाचा अनुभव पुन्हा वठवून दाखवणे त्यांना नको होते, कारण तो त्यांना वठवावा लागत नव्हता. दुःखाचे प्रात्यक्षिक ज्यांनी ते भोगले नाही त्यांना उपयोगी पडते. ज्यांनी भोगले त्यांना बदल हवा असतो. बाबासाहेबांनी महाडला ओंजळीने पाणी प्यायला लावले ते सोसलेपण आठवावे म्हणून नव्हे, ते संपावे म्हणून.

८

ह्या विवेचनातून काय निष्पन्न होते? प्रेक्षकाचा सहभाग ही पाश्चात्त्यांची देणगी नाही, आणि ती आपोआप मुक्तीची गोष्टही नाही. दौलतजादाही सहभाग आहे, दादरची फुलेही सहभाग आहेत, चवदार तळ्याचे पाणीही सहभाग आहे. पहिल्यात सत्ता आहे, दुसऱ्यात परवानगी आहे, तिसऱ्यात हक्क आहे. कलेने ह्यांतील कोणता सहभाग निवडला, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरवता येत नाही.

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि माझे शिक्षकबंधू ह्यांच्यापुढे ह्यातून एक काम उभे राहते. पुसद, दिग्रस, दारव्हा, वणी, उमरखेड, पांढरकवडा ह्या भागांत ज्यांनी जलसे पाहिले किंवा ज्यांच्या घरी जलशांच्या आठवणी सांगितल्या गेल्या, अशी वृद्ध माणसे अजून भेटतात. त्यांना गाण्याच्या ओळी तर विचाराव्याच. पण लोक कोठे बसत, बाया कोठे बसत, सवर्ण वस्तीतून कोणी येत का, सोंगाडी कोणाला प्रश्न विचारी, आणि दुसऱ्या दिवशी गावात काय होई, हेही विचारावे. गाणी छापली गेली आहेत. प्रेक्षक छापला गेलेला नाही. तो माणूस गेला की हा इतिहासही जाईल, आणि मग आमच्या नातवंडांना प्रेक्षकाचा सहभाग हा धडा न्यूयॉर्कपासूनच शिकावा लागेल.